कोरा करकरीत आजार

दवाखान्यात नंबरची वाट बघणाऱ्या शिंपिणीच्या शेजारी दोन पांढरी डोकी बसली होती, थोरली बहीण आणि धाकटा भाऊ. तिचा कान आपसूक तिकडे गेला.

"ताई, आत माझं मी बोलेन."

"मोठी माणसं सोबत असताना तू कशाला तोंड उघडतोस?"

"अगं, साठी उलटली माझी! चड्ड्या दादाच्या घातल्या, चपला नानाच्या, सायकल तुझी, तीही बायकी. निदान हा आजार तरी माझा स्वतःचा आहे."

"कसला?"

"पित्ताशयात खडे. आपल्या घरात पहिलाच मी. कोरा करकरीत!"

"डोंबल तुझं! दादाला झाले, नानाला झाले, माझे तर गेल्या वर्षी काढले."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"लहान पोरांना असलं सांगतं का कुणी?"