सोडून द्या, अमेरिकन आहे

नाही, पण मी काय म्हणतो, एकदा, फक्त एकदा मला घरच्यासारखं झापलं असतं तर या बाईंचं काय बिघडलं असतं? एकोणीस वर्षं हो! एकोणीस वर्षं दर रविवारी दुपारी फ्रान्समधल्या सोम्यूरला सासुरवाडीच्या टेबलाशी बसतोय मी, आणि अजून पाहुणा तो पाहुणाच!

तुम्हाला सांगतो, सगळं त्या चीजवरून सुरू झालं. पहिलाच रविवार, मी ओहायोहून आलेला, सोलेनशी लग्न ठरलेलं, अंगात नवा कोट... जेवण झालं आणि चीजचं ताट फिरत फिरत माझ्यापुढे आलं. त्यावर ब्री चीजचा त्रिकोणी तुकडा. आता त्रिकोण दिसला की माणूस कुठून कापेल? टोकाकडून! मी आपलं टोक उडवलं आणि टाकलं तोंडात. टेबलाशी बसलेले सगळे माझ्याकडेच बघायला लागले! कारण टोक म्हणजे सगळ्यात मऊ, सगळ्यात चवदार, तिथे बाजूनं लांबट काप काढायचा, म्हणजे टोकाचा वाटा सगळ्यांना मिळतो. मला हे ओहायोत कोण सांगणार? आमच्याकडे चीज पाकिटातून कापूनच येतं! बरं, वर मी शहाणपणा काय केला, तर सासूबाई खूश व्हाव्यात म्हणून दुसऱ्यांदा घेतलं. इथे दुसऱ्यांदा चीज घेणं म्हणजे, बाई, तुमच्या जेवणानं माझं पोट भरलं नाही! सोलेननं टेबलाखालून लाथ घातली, सासरे खाकरले, आणि मादाम बेलांजे, म्हणजे आमच्या सासूबाई, मान कलती करून, भलत्याच मायेनं म्हणाल्या, "सोडून द्या, अमेरिकन आहे."

बस्स. तेव्हापासून हाच शिक्का!

आता माझा साडू बघा, तिबो. सॅलडचं पान सुरीनं कापलं त्यानं एकदा. घडी घालायची असते पानाची, कापायचं नसतं. तर सासूबाई कडाडल्या, "गाढवा! पन्नाशी आली तुझी, अजून पान खाता येत नाही? तुझ्या आईला फोन करू का आत्ता?" तिबो लाल झाला, पोरं फिदीफिदी हसली... आणि मी? मला त्याचा हेवा वाटला हो! म्हणून पुढच्या रविवारी मी मुद्दाम पान कापलं. कचाकचा, सगळ्यांच्या देखत. सासूबाईंनी पाहिलं. मी आशेनं मान पुढे केली. तर सोलेनकडे वळून, "सोडून दे बाई, अमेरिकन आहे."

मग मी शिकलो. पाव ताटात न ठेवता टेबलावर ठेवायला शिकलो, बोलावलेल्या वेळेच्या दहा मिनिटं उशिरा जायला शिकलो, न हसता दुकानात शिरायला शिकलो... काय खायचं काम आहे? आठ वर्षांपूर्वी रीतसर फ्रेंच नागरिक झालो, टाउन हॉलमध्ये उभं राहून राष्ट्रगीत म्हटलं, डोळ्यांत पाणी! सासूबाईंनी दोन्ही गालांना गाल लावले आणि शेजारणीला म्हणाल्या, "बघा ना, अमेरिकन असून किती पाठ केलंय!"

आणि सासरे गेले तेव्हा... त्या माणसावर जीव होता माझा. बारा वर्षं त्यांच्याबरोबर द्राक्षवेलींची छाटणी केली, ते बोलायचे नाहीत, मीही नाही, कात्र्या तेवढ्या चालायच्या. चर्चमध्ये माझा हुंदका फुटला, मोठ्यानं फुटला. बाकी सगळे ताठ. मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजलं, काय कुजबुजलं असेल? सांगा ना! ...तेच.

तर गेल्या रविवारी माझा धाकटा भाऊ आला, डॅरेल, पहिल्यांदाच देशाबाहेर. टेबलाशी सगळे जमलेले. चीजचं ताट फिरलं, डॅरेलपुढे थांबलं, डॅरेलनं सुरी उचलली आणि... उडवलं टोक! बरोब्बर माझ्यासारखं! आणि तुम्हाला सांगतो, माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे, मी टेबलावर मूठ आपटली आणि फ्रेंचमध्ये ओरडलो, "अरे गाढवा! टोक कापतात का? काही रीतभात?" डॅरेलला कळलं काहीच नाही, पण बिचाऱ्याचा घास तोंडातच राहिला.

सासूबाई उभ्या राहिल्या. बोट माझ्यावर रोखलेलं. "वेंडेल! पाहुण्याला झापतोस? माझ्या टेबलाशी? लाज नाही वाटत तुला? इतकी वर्षं या घरात जेवतोस, शिकलास काय?"

अहाहा! काय सांगू तुम्हाला! "या घरात"! आणि पहिल्यांदाच अरे-तुरे! एकोणीस वर्षांचं सार्थक झालं, मी गाढव ठरलो, घरचं गाढव! तिबोनं हळूच डोळा मारला. मी मान खाली घातली आणि गालात हसू दाबत होतो, की आता अजून दोन शब्द, आता आईला फोन करायची धमकी...

सासूबाईंनी श्वास घेतला. खाली बसल्या. रुमाल मांडीवर नीट केला आणि डॅरेलच्या हातावर थोपटत, माझ्याकडे मान कलती करून सगळ्यांना म्हणाल्या, "जाऊ द्या. हा तरी काय करणार... अमेरिकन आहे."

मग मी काय केलं विचारता? ताट ओढलं आणि दुसऱ्यांदा चीज घेतलं. अमेरिकनच राहायचंय, तर निदान पोटभर तरी खातो!