लोखंडाचा हात

अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात न्हाव्याच्या दुकानात ऑरिन टॅलमन आपला नंबर यायची वाट बघत बसला होता. बाकावर शेजारीच दोन अनोळखी गिऱ्हाइकं बेसबॉलवर बोलत होती.

"आताचे गोलंदाज म्हणजे नुसते लाडोबा! एक सामना झाला की बसले हात शेकत."

"नाहीतर आपला टॅलमन! रोज तोच टाकायचा. बदली माणूस ठेवलेलाच नसायचा."

"हात दुखतो म्हणाला कधी?"

"छे! लोखंडाचा हात तो. संघाचा मालक म्हणायचा, विश्रांती दिली तर गंजेल."

"खरंय त्याचं."

न्हाव्याने हाक मारली. ऑरिन उठला.

"जरा कोट काढून देता का? उजवा हात वर जात नाही."

"अरेरे! काय झालं हो, काका?"

"काही नाही. हल्ली विश्रांती फार होते."