सीटखालचे सिलिंडर

जबाब देणार: मयताची धाकटी मुलगी. वय त्रेचाळीस वर्षे. धंदा: घरबसल्या पडदे, उशांचे अभ्रे व गाद्यांच्या खोळी शिवणे. राहणार: जुन्या छापखान्यामागची गल्ली, दुसरा मजला.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून, माझ्या तोंडाने सांगते ते असे की,

वरील पत्त्यावर मी वडिलांसोबत राहत होते. आता एकटी राहते. वडील पुस्तकबांधणीचे काम करायचे. नजर अधू झाल्यापासून घरीच असत. आई पूर्वीच वारली. थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणते, नोकरीमुळे परगावी असतो. टॅक्सीचालकाविरुद्धचा अर्ज त्याने दिला आहे. चालकाने रुग्ण गाडीत असताना वाटेत गाडी थांबवली, रुग्णाला हलवले आणि त्या दिरंगाईने वडील गेले, असे अर्जात लिहिले आहे. हे खरे धरले गेले तर चालकाचा परवाना जाईल आणि त्याच्यावर खटला उभा राहील, हे मला समजावून सांगितले. दादा त्या टॅक्सीत नव्हता, मी होते, म्हणून मला बोलावले आहे. दादा आत्ता बाहेर बाकावर बसला आहे. त्याला आत घेऊ नका, असे मीच साहेबांना सांगितले.

चालकाला मी ओळखते. त्याची गाडी आमच्या कोपऱ्यावरच्या स्टँडवर लागते. त्याचे नाव आपल्याकडे लिहिलेले आहेच. स्टँडवर त्याला सगळे ‘सावकाश’ म्हणतात, कारण गिऱ्हाईक गाडीत बसताना तो दर वेळी “सावकाश, डोकं सांभाळा” म्हणतो. बाबा त्याला तोंडावर म्हणायचे, “अरे, बसताना सावकाश म्हण, पण चालवताना तरी म्हणू नकोस.” तो हसायचा. दोघांचे बरे जमायचे.

घटनेच्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर बाबांना दम लागला. मी आधी पाठीला उशी दिली, मग खिडकी उघडली. ओठ निळसर दिसू लागले तेव्हा रुग्णवाहिकेला फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, गाडी दुसऱ्या पेशंटकडे गेली आहे, परतली की पाठवतो. मी अनवाणीच खाली धावले. स्टँडवर एकटा सावकाश होता. त्याने आणि खालच्या इस्त्रीवाल्याने बाबांना खुर्चीत बसवून जिना उतरवला. या धांदलीत बाबांचा चष्मा घरी राहिला. गाडीत टेकल्यावर ते म्हणाले, “चष्मा.” मी म्हटले, “तिथं काय वाचायचंय तुम्हाला?” हे मी चिडून बोलले. त्यानंतर बाबा काही बोलले नाहीत.

हे मी मुद्दाम लिहून घ्यायला लावत आहे. कारण त्यानंतर बाबा काय बोलले, हे मला दोन्हीकडून ऐकवले जात आहे. सांगणाऱ्यांपैकी गाडीत कोणीही नव्हते.

सीटखालच्या वस्तूबद्दल विचारल्यावरून सांगते की, ते आग विझवायचे सिलिंडर होते. साहेबांनी आधी ‘अग्निशामक नळकांडे’ लिहिले होते. ते मला वाचता आले पण ओळखता आले नाही, म्हणून बदलायला लावले. टॅक्सीत ते ठेवायचा नियम आहे. पुढे ठेवले तर घरंगळत ब्रेकखाली जाते, डिकीत गॅसची टाकी असते, म्हणून स्टँडवरच्या सगळ्यांनी ते मागच्या सीटखाली पट्टी ठोकून बसवले आहे. बसणाऱ्याच्या टाचा त्याला लागतात. मी त्यावरून सावकाशकडे पुष्कळदा कुरकुर केली आहे. “ताई, ते तुमच्यासाठीच आहे,” असे तो म्हणायचा. मग मी म्हणायचे, माझ्यासाठी आहे तर मला लागत का असतं?

स्टँडवाल्यांची यात एक रीत आहे, ती मला पूर्वीपासून माहीत होती. या सिलिंडरमधली पावडर बघता बघता संपते. एकाने पेटलेली गाडी विझत नाही, नुसती दबते आणि पुन्हा उसळते. चार-पाच लागोपाठ मारली तर विझते. म्हणून पेटलेली गाडी दिसली की स्टँडवरच्या ज्याला दिसेल त्याने थांबायचे आणि आपले सिलिंडर घेऊन पळायचे. गाडी कोणाची, आत कोण, हे नंतर. आपल्या गाडीत गिऱ्हाईक असेल तर काय, हे त्यांनी ठरवलेले नाही. नंतर मी स्टँडच्या मुकादमाला विचारले तेव्हा तो म्हणाला, “गिऱ्हाईक थांबतंच हो ताई. बघत बसतं.” आजारी गिऱ्हाइकाचा विचार कधी कोणाच्या डोक्यात आलाच नव्हता, हे त्याने कबूल केले.

आम्ही मोठ्या पुलावरून उतरत होतो. उताराच्या शेवटी कडेला एक टॅक्सी पेटलेली दिसली. बॉनेटमधून ज्वाळा काचेवर येत होत्या. दोन टॅक्सीवाले पावडर मारत होते आणि तिसरा रिकामे सिलिंडर फेकून मागचे दार ओढत होता. दार उघडत नव्हते. सावकाशने वेग कमी केला. मी म्हणाले, “भाऊ, थांबू नका.” तेवढ्यात आम्ही जवळ आलो आणि मागच्या काचेवर आतून टेकलेला एक पंजा मला दिसला. बाईचा होता, मनगटात घड्याळ होते. तो पाहिल्यावर मी काय केले, असे साहेबांनी विचारले. तो पाहिल्यावर मी पुन्हा म्हणाले, थांबू नका. ओरडून म्हणाले. पंजा दिसला नव्हता असे मी म्हणू शकले असते, पण दिसला होता.

त्याने गाडी थांबवली. उतरून मागचे दार उघडले. बाबा माझ्या खांद्याला टेकून बसले होते, पाय खाली सोडलेले होते आणि सिलिंडर त्यांच्या पायांमागे होते. तो म्हणाला, “ताई, बाबांचे पाय वर घ्या.” अर्जात लिहिले आहे की चालकाने मयताचे पाय जबरदस्तीने उचलले. ते खोटे आहे. त्याने बाबांना हात लावला नाही. मी उचलले. गुडघ्यांखाली हात घालून दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर आडवे ठेवले. एकीकडे थांबू नका म्हणून ओरडत होते आणि दुसरीकडे पाय उचलत होते, हे कसे, याचा खुलासा मला विचारला. खुलासा माझ्याकडे नाही. घरात कोणी काही उचल म्हटले की मी उचलते, लहानपणापासून. हात पुढे झाले.

पाय वर घेतल्यावर बाबांचा श्वास जास्त लागला. ते मला कळत होते, पण पाय पुन्हा खाली सोडायचे असतात हे मला सुचले नाही. रुग्णालयात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा माणसाला आडवे करू नये, पाय वर घेऊ नयेत. मी त्यांना सांगितले, मीच घेतले. त्या म्हणाल्या, तुम्हाला कसं माहीत असणार. हे त्यांनी चांगुलपणाने म्हटले. मला त्याचा काही उपयोग झाला नाही.

सावकाश सिलिंडर ओढून काढत होता तेव्हा बाबांनी उजवा हात वर केला. खांद्यापर्यंत वर केला आणि मनगटातून हलवला, दोन वेळा. हाच हात सध्या सगळ्यांना हवा आहे. मुकादम आणि दोन चालक घरी आले होते. ते म्हणाले, “ताई, बाबांनी हातानं जा म्हणून सांगितलं, एवढं एक वाक्य बोला. त्याची भाकरी वाचेल.” दादा म्हणतो, बाबा हात हलवून नको म्हणत होते, माणूस जीव वाचवायला धडपडणारच, एवढे एक वाक्य बोल. दोघांना एकेकच वाक्य हवे आहे. त्या हाताने बाबा माशी हाकलायचे, चहा पुरे म्हणायचे, मला दिवा लाव म्हणायचे, आणि दादा परगावी निघाला की खिडकीतून निरोप द्यायचे. सगळे असेच, मनगटातून. त्या दिवशी त्यांना काय म्हणायचे होते ते मला माहीत नाही. चष्मा नव्हता, तेव्हा समोरची आग तरी त्यांना नीट दिसली का, हेही मला माहीत नाही. मी त्यांच्याकडे वळून विचारायला हवे होते. मी समोर बघत होते.

सिलिंडर दुसऱ्याच्या हाती देऊन चालक लगेच का निघाला नाही, असे विचारल्यावरून सांगते की, हे मीही त्याला विचारले आहे. तो म्हणाला, द्यायलाच गेलो होतो, पण दार ओढणाऱ्याला एकट्याला जमत नव्हते, म्हणून दाराला हात घातला. सिलिंडर दुसऱ्याने मारले. चौथे सिलिंडर मारल्यावर ज्वाळा बसल्या आणि दार निघाले. बाई बाहेर पडली ती रस्त्यावर बसलीच. तो तिथे घटकाभरही थांबला नाही, पळत आला.

किती वेळ गेला, ते सांगता येत नाही. अर्जात पंधरा मिनिटे लिहिली आहेत. स्टँडवाले तीन म्हणतात. मी घड्याळ बघितले नाही. मी “बाबा, आलाच, आलाच” म्हणत होते, आणि तो येत नव्हता. त्या वेळात मी त्याला शिव्या दिल्या. त्या इथे लिहायची गरज नाही असे साहेब म्हणाले.

पुढे त्याने गाडी हाणली. त्याच्या उजव्या तळहाताची कातडी सोलली होती. गियर टाकताना तो दर वेळी दातावर दात धरत होता. रुग्णालयाच्या दारात बाबा जिवंत होते, हे मी खात्रीने सांगते. स्ट्रेचर त्यानेच ओढत आणले. संध्याकाळ व्हायच्या आत बाबा गेले. थोडे आधी आणले असते तर वाचले असते का, असे मी विचारले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही. दादाला त्या उत्तरात अर्ज सापडला. मी तेच उत्तर रोज रात्री उलटे-सुलटे करते, मला काही सापडत नाही.

दादाबद्दल विचारल्यावरून सांगते की, तो वाईट माणूस नाही. त्याला यायला दुसरा दिवस उजाडला. आल्या आल्या त्याने विचारले, “बाबांनी माझं नाव घेतलं का?” मी म्हणाले, “नाही. चष्मा म्हणाले.” त्यावर तो बराच वेळ बाबांच्या चपलांजवळ उभा राहिला. अर्जाचे त्याने त्याच दिवशी मनावर घेतले. मी खोटे बोलायला हवे होते असे मला नंतर वाटले. आज मी हा जबाब दिल्यावर तो माझ्याशी बोलणार नाही, तसे त्याने बजावले आहे. मला दुसरे कोणी नाही.

पेटलेल्या टॅक्सीतली बाई मागच्या आठवड्यात घरी येऊन गेली. पत्ता स्टँडवर विचारला म्हणाली. एका बाजूचे केस जळाल्याने कापलेले होते, हाताला पट्टी होती. ती बाबांच्या खुर्चीत बसली. तिला काय माहीत. तिथून उठा, असे माझ्या अगदी तोंडावर आले होते. मी चहा केला. तिच्या दोन मुली आहेत, धाकटी आता तिला बाहेर एकटी जाऊ देत नाही. हे ती सांगत होती आणि मला तिचा राग येत होता. मग रडूही आले. तिने माझा हात धरला, तो मी सोडवून घेतला नाही. तिची काही चूक नाही हे मला कळते. तरी राग आला, तो लिहा.

स्टँडवर या अर्जानंतर काय बोलले जाते, तेही लिहून घ्यावे. परवा एक तरुण चालक मला ऐकू जाईल असे म्हणाला, “आता पेटलेली दिसली की काच वर करायची आणि निघायचं.” कोणी त्याला गप्प बसवले नाही. सावकाश हाताला फडके बांधून त्यांच्यातच बसला होता. मला पाहून तो उठून उभा राहिला. “ताई, तुम्हाला जे खरं वाटतं ते सांगा,” एवढेच म्हणाला. माझ्याकडून काही वाक्य मागितले नाही असा तो एकटाच आहे.

तुमची चालकाविरुद्ध तक्रार आहे की नाही, ते एका शब्दात सांगा, असे साहेबांनी विचारले. कागदासाठी शब्द हवा असेल तर ‘नाही’ लिहावे. पण त्यापुढे हेही लिहावे, की मी त्याला माफ केलेले नाही. त्याने माफी मागावी असे काही केलेले नाही, तरीही. पुन्हा तीच वेळ आली, बाबा तसेच माझ्या खांद्याला टेकून बसलेले असले आणि समोर कोणाची गाडी पेटलेली असली, तर मी पुन्हा ओरडेन, थांबू नका. आणि त्याने माझे ऐकू नये.

हा जबाब मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. शेवटचे वाक्य गाळायचे का, असे साहेबांनी विचारले. मी नको म्हणाले. बाकी सर्व मी बोलले तसेच उतरवले आहे व ते बरोबर आहे.