शेजारची सीट

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या शिंपीणकाकूंच्या कानावर शेजारच्या नवरा-बायकोचं बोलणं पडलं, आणि त्या दाढेचा ठणकाच विसरल्या.

"स्पोर्ट्स कार लाल घेऊ की निळी? दोन्ही हलक्या, दोन्ही दोनच सीटच्या. सुट्टीच्या दिवशी डोंगरातल्या रस्त्यावर काय धमाल येईल!"

"लाल नको. ओल्या वळणावर तिचं मागचं चाक घसरतं."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? माझ्याच हातून घसरलं की."

"तुझ्या हातून? अगं, तू चालवलीस?"

"रविवारी. सरावाच्या मैदानावर दोन्ही भाड्याने मिळतात."

"रविवारी तू ताईकडे जातेस ना!"

"जाते की. मैदानावरून येताना."

"अरे देवा! एकटी?"

"एकटी कशी? तुमच्या आई असतात ना शेजारी."

काकूंचा गालावरचा हात तोंडावर गेला.

"माझी आई? तिला गाडीत बसलं की चक्कर येते!"

"तुम्ही चालवता तेव्हा येते. माझ्या शेजारी बसून त्या ‘अजून दाब, अजून दाब’ म्हणतात. निळीच घ्या, त्यांना छत उघडलेलं आवडतं."

"अगं, पण मग मी कुठे बसायचं?"

"ते आईंना विचारा. त्या जागा सोडतील असं मला तरी वाटत नाही."