सव्वाचं शून्य

—नाही, तो लाल चौकोन आला म्हणून एवढं दचकायचं नाही, मॅडम. लाल चौकोन म्हणजे चांगली बातमी. प्रोग्राम तुम्हाला सांगतोय की बाबा, मी पडलो, अमक्या फाइलीत, तमक्या ओळीवर पडलो, येऊन उचला मला. एवढं सरळ तर घरातली माणसंही बोलत नाहीत. वाचा ना, काय म्हणतोय— वस्तू अस्तित्वात नाही. म्हणजे काय? म्हणजे तुम्ही गिऱ्हाइकाचा पत्ता मागितलात आणि गिऱ्हाईक अजून निवडलेलंच नाही. रिकाम्या खुर्चीला नाव विचारल्यासारखं झालं. आधी खुर्चीवर कोणी बसलंय का बघा, मग विचारा. झालं. दुरुस्त. यालाच लोक हुशारी म्हणतात आणि मला गेली नऊ वर्षं वरच्या मजल्यावर खिडकीजवळ बसवतात. परवा शुक्रवारी मी गेलो की ही खिडकी तुमची, ही डुगडुगणारी खुर्ची तुमची, आणि काचा घासणाऱ्या कारखान्याचा हा प्रोग्रामही तुमचा— खाली घासल्या जाणाऱ्या प्रत्येक चष्म्याचा नंबर याच्यातूनच जातो, त्यामुळे जपून.

काउंटरवरच्या बाईंचा फोन आला की अर्धी दुरुस्ती तोंडानेच करायची, हे आधी शिका. त्या म्हणणार, "सर, स्क्रीन पांढरी पडली, हलत नाही." हलेल कशी? प्रोग्रामला आपण एकच हात दिलाय आणि त्याच हाताने त्याने चारशे लेबलंही छापायची आणि खिडकीही रंगवायची. तो छापतोय बिचारा. पण बाईंना धीर कुठला— अकरा वेळा क्लिक करणार, मग प्रोग्राम अकरा वेळा चारशे लेबलं छापणार. त्यावर उपाय म्हणजे छपाईचं काम वेगळ्या हाताला द्यायचं, मागच्या मागे. मी ते कधी केलं? सहाव्या वर्षी. त्याआधी काय करत होतो? बाईंना सांगत होतो की तुम्ही फार क्लिक करता. बघा, हे आपल्या धंद्यातलं मोठं सुख आहे— चूक नेहमी क्लिक करणाऱ्याची. आणि त्याहून मोठं सुख म्हणजे ते वाक्य. कुठलं? "माझ्याकडे तर चालतंय." हे म्हणताना खुर्ची जराशी मागे टाकायची, हात डोक्यामागे घ्यायचे. समोरचा माणूस आपोआप लहान होतो.

काय? कुठली ओळ? —हां, ती. बदलांच्या यादीतली. "किरकोळ सुधारणा." बाकीच्या नोंदी चार-चार ओळींच्या आणि ही दोन शब्दांची, असंच ना? तुमची नजर भलतीच आहे, मॅडम. पहिल्या आठवड्यात माणसं शौचालय कुठे आहे ते विचारतात, तुम्ही जुन्या नोंदी वाचताय. पुढे चला. फाइल दुसरा प्रोग्राम वापरतोय अशी तक्रार आली तर— बरं. बरं, उघडा ती. उघडा, मीही किती दिवसांत बघितलेली नाही. खोटं बोललो, काल बघितली. परवाही.

त्याचं असं आहे. डोळा सगळीकडून सारखा गोल नसला की काचेला एका बाजूने वेगळा बाक द्यावा लागतो, त्याचा एक वेगळा नंबर असतो, सिलिंडरचा. पुष्कळांना तो नसतो, तिथे शून्य लागतं. तर हा रकाना प्रोग्राममध्ये मी घातला. माझ्या आधीच्या माणसाने बाकीचे नंबर वाचायला एक चांगली पद्धत लिहून ठेवली होती, पण ती कोण वाचत बसणार— मी माझी नवी लिहिली. तुम्हाला माहीतच आहे, प्रोग्रामला सांगता येतं की हे करून बघ, फसलं तर असं कर. मी लिहिलं, नंबर वाचून बघ. आणि फसलं तर? फसलं तर काही नाही. कंसात कंस, मध्ये मोकळी जागा. लाल चौकोन नाही, आवाज नाही, तक्रार नाही. का? कारण आदल्या आठवड्यात लाल चौकोनांवरून मालकांनी मला चार शब्द ऐकवले होते. त्यांना चौकोन नको होते, मी चौकोन काढून दाखवले. दोघंही खूश.

त्याच महिन्यात खाली घासायच्या टेबलावर एक नवा कॉम्प्युटर बसवला. एकच, शेवटच्या टेबलावर. त्याच्या पोटात सेटिंग परदेशी— अपूर्णांकाला ठिपका नाही, स्वल्पविराम. आपण लिहिणार एक-ठिपका-पंचवीस. त्या मशीनला ठिपका कळेना, वाचणं फसलं, आणि फसलं तर काही नाही— म्हणून रकान्यात राहिलं शून्य. सव्वाचं शून्य. नंबर पुरा एक असला, दोन असला तर बरोबर, अपूर्णांक आला की शून्य. आणि तेही त्या एकाच टेबलावर. काउंटरवर बघा, सव्वा. माझ्याकडे बघा, सव्वा. अशी सुबक चूक मला ठरवून लिहायला सांगितली असती तर जमली नसती.

त्या टेबलावर कोण बसायचं? उस्ताद. खरं नाव पगारपत्रकात होतं, पण कोणी वापरत नव्हतं. एकतीस वर्षं काचा घासलेला माणूस. बोटाच्या टोकाने काच चाचपायचा आणि बाक सांगायचा. एक दिवस लिफ्टने वर आले, हातात एका गिऱ्हाइकाची जुनी फ्रेम, नव्या काचा बसवायला आलेली. इथेच, या खिडकीपाशी उभे राहिले, जुनी काच गजांसमोर धरली आणि सावकाश फिरवली— तर गज तिरपे झाले. म्हणाले, "इंजिनियरसाहेब, या काचेत सिलिंडर आहे आणि माझी स्क्रीन म्हणते शून्य." मी इथे ऑर्डर उघडली. सव्वा. मी काय म्हटलं असेल? बरोबर. माझ्याकडे तर चालतंय. ते बघत राहिले, मान हलवली, गेले. पंधरा दिवसांनी पुन्हा आले. पुन्हा सव्वा. तिसऱ्या खेपेला म्हणाले, "एकदा खाली येऊन बघता का?" दोन मजले, मॅडम. लिफ्ट चालू होती. माझा चहा गरम होता. मी म्हटलं, "उस्ताद, वय झालं, आता एकदा डोळे तपासून घ्या." चष्म्याच्या कारखान्यात, सगळ्यांसमोर. दोघंतिघं हसलेही. मला तेव्हा तो विनोद फार आवडला होता.

त्यानंतर ते वर आले नाहीत. ज्या ऑर्डरबरोबर जुनी काच असेल तिथे ते आपल्या बोटांवर भरवसा ठेवून घासत असणार. पण ज्यांची जुनी काच नव्हती त्यांचं काय? तिथे स्क्रीन म्हणेल ते. पाच महिन्यांत एकोणीस चष्मे परत आले. कोणाचं डोकं दुखतंय, एका शिक्षिकेला फळ्यावरची रेघ दुहेरी दिसतेय, एक आजोबा जिन्यावरून घसरले— नशीब, मनगटावरच निभावलं. काउंटरवाले ऑर्डर उघडायचे, तिथे सव्वा. म्हणजे चूक कोणाची? घासणाऱ्याची. इतकं सरळ आहे की विचारसुद्धा करावा लागत नाही.

उस्तादांनी डोळे तपासून घेतले. माझा सल्ला मानला हो, त्यांनी. तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं, जवळचा चष्मा आहे तेवढाच, बाकी नजर उत्तम. तुम्हाला वाटेल, सुटले. छे. त्यांनी वेगळाच हिशेब मांडला— डोळे शाबूत आहेत आणि तरी मला सव्वाच्या जागी शून्य दिसतंय, म्हणजे गडबड डोळ्यांच्या मागे आहे. त्यांचे वडील तसेच गेले होते. शेवटी शेवटी स्वतःच्या बायकोला "आपण कोण?" म्हणून विचारायचे. उस्तादांनी एका सकाळी राजीनामा दिला. कारण लिहिलं, प्रकृती. खाली कँटीनमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला, आणि भाषण कोणी केलं? मला चांगलं बोलता येतं ना. मी म्हटलं, "कधी थांबायचं हे ज्याला कळतं तो खरा कारागीर." टाळ्या पडल्या. उस्तादांनीही वाजवल्या.

मग त्या टेबलावर मालकांचा भाचा बसला. नवव्या दिवशी त्याने घासलेला एक चष्मा परत आला. तो काही वर आला नाही— त्याने खालूनच फोन केला, "वर काय झोपा काढता काय, इथे शून्य दिसतंय, या खाली." आणि मी गेलो. लगेच. चहा अर्धा टाकून. त्या टेबलापाशी उभं राहिल्यावर चूक सापडायला मला किती वेळ लागला असेल? अकरा मिनिटं. त्यातली चार पासवर्ड आठवण्यात गेली. वर आलो, मोकळ्या कंसात दोन ओळी लिहिल्या, ठिपका-स्वल्पविरामाचं निस्तरलं, आणि यादीत नोंद केली. काय, ते तुम्ही वाचलंयच.

आठ महिने झाले त्याला. नाही, कोणालाच नाही. सांगणार होतो. दर सोमवारी सांगणार होतो. मग गेल्या महिन्यात बस स्टॉपवर उस्ताद भेटले. सून बरोबर होती, त्यांचा दंड धरून. एकटे बाहेर पडत नाहीत, म्हणाली. स्कूटर विकली. घराच्या किल्ल्या तिच्याकडे. मला बघून इतका आनंद झाला त्यांना— माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "सगळे गोड बोलत होते, साहेब, खरं तुम्ही एकट्यानेच सांगितलंत." तेवढ्यात लांबून बस येत होती, मला तिचा नंबर दिसेना, ते म्हणाले, "सत्तेचाळीस." बस जवळ आली. सत्तेचाळीस. सुनेकडे बघून म्हणाले, "अंदाजाने सांगितलं." माफी मागितल्यासारखं.

त्याच रविवारी गेलो त्यांच्या घरी. दार वहिनींनी उघडलं. मी बसलो नाही, उभ्याउभ्याच सगळं सांगितलं— कंस, ठिपका, स्वल्पविराम, भाचा, अकरा मिनिटं. एरवी मला समजावून सांगायला आवडतं. उस्तादांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "म्हणजे शून्यच होतं?" मी म्हटलं, शून्यच होतं. "तुम्हाला कळून किती दिवस झाले?" आठ महिने. पुढे बोलल्या त्या वहिनी. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "आठ महिने मी रोज सकाळी यांना उठवून आज वार कोणता ते विचारते. रोज. हे रोज बरोबर सांगतात, आणि मला वाटतं, उद्या चुकतील." एवढंच बोलल्या आणि आत गेल्या. मॅडम, मालक आरडाओरडा करतात तेव्हा माझं काही बिघडत नाही, सवय आहे. पण आत नळ सुरू झाला आणि बराच वेळ बंदच होईना. मला कुठे बघावं ते कळेना.

उस्ताद उठले. म्हणाले, "परत कामावर या असं सांगायला आला असाल तर ते मी बघेन. पण आधी जिथे भाषण केलंत तिथेच हे सांगा. सगळ्यांसमोर. मी येईन ऐकायला." आणि दाराकडे बोट केलं. "निघा आता."

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मालकांना सांगितलं. ते म्हणाले, कशाला उकरता, माणूस तर गेला, सगळं शांत आहे. मी म्हटलं, सगळं शांत आहे हीच तर चूक होती— चांगलं वाक्य होतं, त्यांना काही कळलं नाही. मग राजीनामा दिला. आधी कँटीन मागितलं, मग राजीनामा दिला, नाहीतर कँटीन मिळालं नसतं. इतकं अजून सुचतं मला. आज तीनची वेळ दिलीय. किती वाजले? तुमचं घड्याळ पुढे आहे. —नाही? बरं.

म्हणजे सकाळपासून मी तुम्हाला चुका शिकवत बसलोय ते काही कामाच्या प्रेमापोटी नाही, हे आलं लक्षात तुमच्या. कधी आलं? लाल चौकोनापाशीच? मग थांबवलं का नाहीत?

थांबा, फोन. —हो. हो, बोलतोय. आलेत? कुठे बसलेत? ...वहिनीही? ...नको, माइक नको. लहान जागा आहे, ऐकू जाईल सगळ्यांना. येतोय.

काय बघताय? भाषण लिहिलेलं नाही. चार वेळा लिहिलं, चारही वेळा फार चांगलं झालं, फाडून टाकलं. तुम्ही व्हा पुढे. जिन्याने जा, लिफ्ट मला लागेल— नाही, लिफ्ट तुम्ही घ्या, मी जिन्याने येतो. आणि पुढच्या रांगेत बसू नका. जा.