जागा सगळ्या वस्तीची

…आन् वरतून आमचे रऊफमिया मलेच म्हन्तात, अन्वरी, तुले काय करायचं? आता मले काय करायचं म्हंजे? भिंतीले भिंत लागून हाये, तिकडं कोनी ठसकलं त इकडं मायी चहाची कपबशी हालते, आन् मी काय कानात बोळे घालून बसू? मले काय करायचं ते मलेबी समजते, पन तुमाले सांगते, त्या संगीतासंगं जे झालं ना, ते सांगितल्याबिगर माया घशाखाली घास उतरत नाई.

संगीता म्हंजे आमच्या शेजारच्या भागिरथाची पोट्टी. आसेगावात आमची गल्ली सरते तिथून आंध आदिवासींची वस्ती सुरू होते, पयलं घर तिचंच. भागिरथाले नवरा नाई. ती ग्यानबाच्या टोळीत कामाले जाते. आता टोळी कशी असते, ते ध्यानात घ्या. शेत गुत्त्यानं, म्हंजे ठोक मजुरीवर, घ्यायचं, सोयाबीन सोंगाले बायका ओळीनं लागतात, जिची तिची पात ठरलेली. आन् एखादी आजारी पडली त? त तिच्या पातीवर तिची जाऊ उभी राह्यते, नाईत पोरगी, नाईत शेजारीन. मालकाले पत्ताबी लागत नाई, कोन आली आन् कोन गेली. ग्यानबा टोळीचा म्होरक्या, त्याचं एकच बोलनं… काम पडू द्याचं नाई. बस. यातच त्यायची इज्जत!

तर अशा वस्तीत एक संस्था आली. त्यायचे उत्कर्ष सर, गोरेगोमटे, बोलनं असं गोड का साखरेनं लाजावं. ठरलं असं का संस्था शिकवनार, वाशीमचा एक मोठा खासगी दवाखाना नोकरी देनार, आन् पोरी कोनत्या घ्याच्या ते वस्तीची कमिटी ठरवनार. समाजमंदिरात वर्ग सुरू झाला. रोग्याले कुशीवर कसं वळवाचं, चादर कशी ताणून घालाची, बीपी कसा पाह्याचा. मी रोज दारात. मले काय करायचं म्हना, पन त्यायले खाटेवर निजाले रोगी पायजे होता ना! मी निजली. साऱ्या वस्तीच्या पोरींनी माया बीपी पाह्यला वो. दंडावर वळ उठले! रऊफमिया म्हने, घरी उठून पानी देत नाई आन् तिथं फुकटची निजते.

पन खरं सांगते, संगीताचा हात! खाटेवरून उचलाले आली का मले माया मायची याद ये. दवाखान्यानं पयली नेमनूक तिलेच देल्ली. सांगून ठेवलं, ही पोरगी नीट राह्यली त दरसाल वस्तीतल्या पोरी घेऊ. म्हंजे समजलं का? साऱ्या पोरींचं नशीब त्या एका पोरीच्या पाठीवर. सत्कार झाला, हार झाले, आन् उत्कर्ष सर माईकवर बोलले, "ही जागा एकट्या संगीताची नाही, सगळ्या वस्तीची आहे." टाळ्या! ग्यानबानं त डोये पुसले. आता भाषनात मानूस काय बोलत नाई? पन या लोकायनं ते बोलनं खरं धरलं ना, बाप्पा.

झालं. पोरगी सकाळच्या यष्टीनं जाऊन राह्यली, बिल्ला लावलेला, चापूनचोपून वेनी. आन् मंग भागिरथाले ताप भरला. असा ताप का डोये उघडेनात. संगीता सरकारी दवाखान्यात मायच्या उशाशी. आता फोन करून सुट्टी मागाची का नाई? मी बोललीबी तसं. पन ग्यानबा म्हने, सुट्टी कायले मागाची भाभी, काम पडन ना त्यायचं. रूपा हाये ना. रूपा म्हंजे संगीताची चुलतबहीन, त्याच वर्गात शिकलेली, ती बीपी त माया डाव्या हाताचाबी पाहे. घातला संगीताचा ड्रेस, लावला संगीताचा बिल्ला, बसली यष्टीत.

दवाखान्याच्या दरवाजात हजेरीची अंगठ्याची मशीन. रूपानं अंगठा देल्ला, मशीन नाई म्हने. पुसून देल्ला, नाई म्हने. तिले वाटलं बिघडली असन, गेली आतमंदी आन् लागली कामाले. दुपारी एका म्हातारीनं मायेनं इचारलं, बाई, तुयं नाव काय? हिनं सांगितलं, रूपा. छातीवर संगीता! लपवाचं असतं त सांगितलं असतं का वो तिनं?

दवाखान्याच्या मॅडम जीपनं वस्तीत आल्या. त्यायचंबी खोटं नव्हतं, मी खोटं बोलत नाई. त्या म्हनल्या, उद्या भलतीच बाई आत शिरली, रोग्याचं बरंवाईट झालं, त कोनाले धराचं? उत्कर्ष सरांनी ग्यानबाले बाजूले घेऊन शिकवलं, जास्ती बोलू नका, चूक झाली येवढंच म्हना. ग्यानबा उठला. टोपी नीट केली.

"मॅडम, तुमी घोर करू नका. रूपाले ताप आला त मायी सून येईन, तिले आला त दुसरी येईन. तुमचं काम आमी पडू देनार नाई. सरच बोलले ना, जागा सगळ्या वस्तीची हाये म्हून?"

आन् वस्तीनं टाळ्या वाजवल्या. मी भिंतीआडून पाहून राह्यली, उत्कर्ष सर आपल्या बुटाकडं पाहून राह्यले. मॅडम ओरडल्या असत्या त बरं झालं असतं. त्या हळूच बोलल्या, पाहू. आन् गेल्या.

संगीताले काढलं. बाकीच्या पोरींचंबी राह्यलं, समाजमंदिराले कुलूप. भागिरथा बरी झाली, पन पोरीकडं पाह्यलं का तोंड फिरवे, जसा काई आपला ताप आपनच हौसेनं आनला होता. ग्यानबा एक दिवस माया ओट्यावर येऊन बसला. चहा थंड होऊन गेला. म्हने, "भाभी, आमी काम त पडू देल्लं नाई ना? मंग काहून काढलं?" मी, जी साऱ्या गावाले उत्तरं देते, ती त्याचा चहा परत गरम कराले आत गेली पाहा.

आता पुढचं ऐका. त्या दवाखान्यानं ते काम ठेकेदाराले देऊन टाकलं. इंद्रभान म्हून हाये, रिसोडचा. त्याचं कसं, बाया मोजून पाठवाच्या. एखादी आली नाई का दुसरी, दुसरी नाई त तिसरी. मशीनले अंगठा नाई, काई नाई, इंद्रभाननं मुंडकी मोजली का झालं. कोनी जीप घेऊन येत नाई त्याच्याकडं. आन् त्याले जवा बाई कमी पडते, तवा तो आसेगावात फोन करते, संगीताले.

जाते मंग पोट्टी. त्याच दवाखान्यात, त्याच खाटा. जी आली नसन तिचा बिल्ला इंद्रभान हिच्या हातात ठेवते.

मले काय करायचं… पन सांजच्याले भिंतीपलीकडून भागिरथाचा आवाज येते. भाकर वाढता वाढता पुसते, "आज कोन होतीस, माय?"

आन् संगीता एक नाव सांगते, आन् जेवाले बसते.