मेकॅनिक्सच्या जागी ऑप्टिक्स

(कॉलेजातली भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा. तास नुकताच सुटला आहे. विभागप्रमुख सर, त्यांची तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, आणि तिला लहानपणापासून सांभाळणारी, शिवणकाम करणारी आत्या.)

मुलगी : ‘राहून गेलं’ म्हणू नका, सर. राहून गेलं नाही. तुम्ही राहू दिलंत.

सर : आधी बस बघू. बाई, तुम्हीही बसा.

आत्या : बसायला नाही आलो आम्ही. दुकानाला कुलूप घालून आलेय.

मुलगी : दुसऱ्या वर्षी मी इथंच उभं राहून विचारलं होतं, मेकॅनिक्स घेऊ की ऑप्टिक्स? तुम्ही म्हणालात, ऑप्टिक्स घे, तुझं काही अडत नाही. काल इंजिनिअरिंगवाल्यांनी तोंडावर सांगितलं, मेकॅनिक्स झालेलं नाही, यंदा प्रवेश नाही.

सर : मग पुढच्या वर्षी जा. एका वर्षानं काही आभाळ कोसळत नाही.

आत्या : तुमच्यावर नाही कोसळत. तीन वर्षं इथं, दोन तिथं इंजिनिअरिंगला, दोन्ही पदव्या हातात, असं ठरवून हिला घातलं मी. म्हटलं, देव तेवढी वर्षं डोळे शाबूत ठेवील. आताच सुईत दोरा जाता जात नाही. जास्तीच्या वर्षाचं कुणाच्या डोळ्यांनी शिवू?

सर : हे मला माहीत नव्हतं.

मुलगी : मेकॅनिक्स लागतं, हे माहीत होतं?

सर : ते भिंग आधी पेटीत ठेव बघू.

आत्या : मास्तर, पोरगी विचारतेय.

सर : होतं.

मुलगी : मग?

सर : मग काय मग? असा हात मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. भिंग बसवताना श्वास रोखून धरणारी मुलगी, आणि तिला जायचं कुठं, तर पूल बांधायला. माझा विषय म्हणजे तुम्हा लोकांची धर्मशाळा. पाठ टेकायची आणि सकाळी पुढची गाडी धरायची. वाटलं, अडली तर थांबेल. थांबली तर रमेल.

आत्या : माप स्वतःचं घेतलंत आणि कापड हिचं कापलंत. मी असं केलं असतं तर गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढलं नसतं. देवानं पोरीला अक्कल दिली ती काय तुमच्या कपाटात ठेवायला?

सर : बाई, मी तिचं वाईट चिंतलं नाही.

आत्या : चिंतलं नाहीत, केलंत.

मुलगी : मला ऑप्टिक्स आवडलं, सर. खूप आवडलं. तुम्ही नुसतं ‘थांब’ म्हणाला असतात ना, तर मी विचार केला असता. खरंच केला असता. आता नाही.

सर : सुट्टीत मी शिकवतो मेकॅनिक्स. रोज ये. परीक्षाही घेतो.

मुलगी : त्याला इंजिनिअरिंगवाल्यांची परवानगी लागते. चूक विद्यार्थ्याची असेल तर देत नाहीत. कॉलेजची असेल तर देतात, पण विभागप्रमुखांनी स्वतः तसं सांगायला हवं. आजच्या आज.

सर : प्रवेशाचं तिथं कोण बघतो, ठाऊक आहे? माझा वर्गमित्र. जन्मभर मी त्याला चारचौघांत ‘फिटर’ म्हणत आलो.

आत्या : मग आज ‘साहेब’ म्हणा. जीभ झिजत नाही.

सर : ठीक आहे. करतो फोन. सांगतो, मुलगी अतिशय हुशार आहे, कार्यालयाकडून जरा गोंधळ झाला—

मुलगी : कार्यालयाकडून नाही.

सर : बरं. मग काय सांगू? तूच सांग.

मुलगी : आत्ता आम्हाला सांगितलंत तेच.

सर : तुम्ही दोघी जरा बाहेर थांबता?

मुलगी : थांबतो. दार उघडं राहू द्या, सर.